कानांची परीक्षा

एखादें यंत्र चालविण्याचा परवाना द्यावयाचा असला, म्हणजे सरकार माणसाच्या हाताची, डोळ्यांची आणि बुद्धीची परीक्षा घेतें. मोटार हांकणाराला रस्ता नीट दिसतो कीं नाहीं आणि वेळेवर ब्रेक दाबतां येतो कीं नाहीं, एवढें पाहिलें कीं काम भागतें. परंतु विसाव्या शतकांत जगांतील बहुतेक देशांत एक परवाना असा होता कीं, तो मिळविण्यासाठीं नागरिकाला आपल्या कानांची परीक्षा द्यावी लागे. हौशी बिनतारी केंद्र चालविण्याचा परवाना तो हाच. स्वतः जोडलेल्या यंत्रावरून दूरदेशींच्या अनोळखी माणसाशीं, कसलाही मोबदला न घेतां, केवळ ज्ञानाच्या व मैत्रीच्या हौसेनें संभाषण करावयाचें, एवढाच या केंद्रांचा हेतु. त्यासाठीं विद्युत्शास्त्राचा पेपर द्यावा लागे, हें समजण्यासारखें आहे. पण त्याच्या जोडीला मोर्सच्या बिंदुरेघांत पाठविलेला मजकूर नुसत्या कानांनीं ऐकून कागदावर उतरून दाखवावा लागे. आणि परीक्षार्थींच्या मनावर कायमचा ठसा उमटे तो याच भागाचा. शास्त्राच्या पेपरांतील प्रश्न चार-दोन वर्षांत विसरून जात. कानांत घुमणारा तो 'डी-डा' नाद आणि पेन्सिल धरलेल्या बोटांचा कंप मात्र उतारवयांतही आठवत असे.

ही अट सरकारनें कां घातली असावी? ज्याला मोर्सचा एकही संदेश पाठवावयाचा नाहीं, ज्याची इच्छा केवळ तोंडानें बोलण्याची आहे, त्यानेंही ही लिपि कां शिकावी? या प्रश्नाचें उत्तर शास्त्राच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. तें इतिहासांत शोधावें लागतें.

सॅम्युएल मोर्स यानें २४ मे १८४४ रोजीं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेनें संदेश पाठविला, तेव्हां त्याच्या यंत्राला कागदाची पट्टी जोडलेली होती. संदेश ऐकावयाचा नव्हता. पट्टीवर उमटलेल्या खुणांवरून तो वाचावयाचा होता. पण तारमास्तरांच्या लवकरच ध्यानांत आलें कीं, यंत्राची कट्ट-कडकट्ट ऐकूनच मजकूर कळतो, पट्टीकडे पाहण्याचें कारणच उरत नाहीं. डोळ्यांसाठीं योजिलेली लिपि अशा रीतीनें कानांची झाली. पुढें युरोपांत तिच्यांत फेरफार होऊन १८६५ सालीं पॅरिसच्या परिषदेंत तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिची रचना मोठी हिशेबी आहे. इंग्रजींत जें अक्षर सर्वांत अधिक वेळां येतें, त्या 'ई'ला एकच बिंदु. 'टी'ला एकच रेघ. आणि क्वचित् येणाऱ्या 'क्यू'ला मात्र चार खुणा. रेघ तीन बिंदूंइतकी लांब, दोन अक्षरांमधील विराम तीन बिंदूंचा आणि दोन शब्दांमधील विराम सात बिंदूंचा. मिनिटाला बारा शब्दांच्या गतीनें मजकूर चालला असतां एक बिंदु सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत संपतो. इतक्या सूक्ष्म काळांत विचार करण्यास सवड नसते; कानाला जें कळेल तें हातानें तत्काळ लिहावें लागतें.

तारांचें जाळें सरकारच्या किंवा कंपन्यांच्या मालकीचें होतें. त्यावर कोण बोलतो, हें सहज कळत असे. बिनतारी लहरींची गोष्ट निराळी. १८९५ सालीं जगदीशचंद्र बसूंनीं कलकत्त्यास या लहरींचे प्रयोग लोकांसमोर करून दाखविले. १२ डिसेंबर १९०१ रोजीं इंग्लंडच्या किनाऱ्यावरून पाठविलेलें 'एस' हें अक्षर, म्हणजे केवळ तीन बिंदु, अटलांटिकपलीकडे न्यू फाउंडलंडमध्यें ऐकल्याचें मार्कोनीनें जाहीर केलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेंतील शेंकडों तरुण घरच्या घरीं ठिणगीची प्रक्षेपकयंत्रें जुळवूं लागले. ब्रिटननें १९०४ च्या कायद्यानें परवान्याची अट घातली. पण अमेरिकेंत १९१२ पर्यंत कसलाच निर्बंध नव्हता. त्या काळच्या यंत्रांची ठिणगी अशी धसमुसळी असे कीं, एकाचें बोलणें सुरू झालें म्हणजे आसपासच्या साऱ्यांचें बोलणें तिच्यांत बुडून जाई. आरमाराच्या अधिकाऱ्यांच्या तक्रारी येत. हौशी तरुणांचें उत्तर ठरलेलें असे: आकाश कोणाच्या बापाचें नाहीं.

हा वाद एका रात्रींत निकालांत निघाला. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं 'टायटॅनिक' ही बोट हिमनगावर आदळली. तिच्यावरील जॅक फिलिप्स व हॅरल्ड ब्राइड हे दोघे तारमास्तर संकटाचा संदेश पाठवीत राहिले. 'कॅलिफोर्नियन' नांवाची बोट जवळच होती. पण तिच्यावर एकच तारमास्तर होता आणि तो दिवसभराचें काम आटोपून निजला होता. 'कार्पेथिया'च्या तारमास्तरानें तो संदेश ऐकला म्हणून सातशेंहून थोडे अधिक जीव वांचले. दीड हजारांहून अधिक माणसें समुद्रांत गेलीं. इकडे किनाऱ्यावर आकाशांत एवढा गोंधळ माजला होता कीं, सर्व प्रवासी सुखरूप असल्याच्या खोट्या बातम्या दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत झळकल्या. या गोंधळाचें खापर बऱ्याच अंशीं हौशी प्रक्षेपकांच्या माथीं फुटलें. तें सर्वस्वीं न्याय्य होतें असें म्हणवत नाहीं; पण लोकक्षोभापुढें तरुणांचें समर्थन टिकणें शक्य नव्हतें.

१३ ऑगस्ट १९१२ रोजीं अमेरिकेनें बिनतारी कायदा केला. हौशी केंद्रांना दोनशें मीटरपेक्षां लांब लहरी वापरण्यास बंदी झाली, शक्तीची मर्यादा एक किलोवॅट ठरली आणि चालकाला परवाना आवश्यक झाला. या परवान्याच्या नियमांत मोर्सची अट आली, तिचें कारणही तेथेंच नमूद केलेलें होतें. संकटाचा संदेश, तसेंच 'दूर रहा' ही सरकारी सूचना ओळखतां यावी इतपत गति उमेदवाराजवळ असावी, आणि ती निदान मिनिटाला पांच शब्द असावी.

या कारणाचा अर्थ नीट ध्यानीं घेतला पाहिजे. हौशी माणसानें मोर्समध्यें बोलावें, अशी सरकारची अपेक्षा नव्हती. त्यानें केव्हां गप्प बसावयाचें, हें त्याला कळावें, एवढेंच सरकारला हवें होतें. बुडत्या बोटीची हांक ज्याला ओळखतांच येत नाहीं, तो तिच्यासाठीं आपलें यंत्र थांबविणार कसा? पांच शब्दांची ती परीक्षा म्हणजे बोलण्याच्या हक्काची किंमत होती, आणि ती ऐकण्याच्या नाण्यांत चुकती करावयाची होती.

दोनशें मीटरखालच्या आंखूड लहरी त्या काळीं निरुपयोगी समजल्या जात. हौशी लोकांना त्या दिल्या, तें एक प्रकारें अडगळींत टाकण्यासारखें होतें. पहिल्या महायुद्धांत त्यांचीं यंत्रें बंद पडलीं. युद्ध संपतांच त्यांनीं याच आंखूड लहरींवर प्रयोग आरंभिले आणि शहाण्यांचे अंदाज चुकविले. नोव्हेंबर १९२३ मध्यें फ्रान्समधील लेऑं दलॉय आणि अमेरिकेंतील फ्रेड श्नेल यांनीं अटलांटिक ओलांडून एकमेकांशीं संभाषण केलें. १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं लंडनच्या मिल हिल शाळेंतील अठरा वर्षांचा विद्यार्थी सेसिल गॉयडर आणि न्यूझीलंडच्या एका मेंढपाळी मळ्यावरील फ्रँक बेल यांची गांठ पडली. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना बसलेल्या या दोघांत झालेलें तें संभाषण मोर्समध्येंच होतें. क्षीण झालेला मानवी आवाज आकाशांतील खरखरींत नाहींसा होतो. पण तेवढ्याच क्षीण बिंदुरेघा तयार कानाला वेगळ्या काढतां येतात. त्यामुळें जी अट धाकानें घातली गेली, तीच हौशी लोकांची हिंमत ठरली.

अडगळीची खोली सोन्याची निघाली, तेव्हां सर्व राष्ट्रांना तीत वांटा हवासा झाला. १९२७ सालीं वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिनें हौशी केंद्रांसाठीं ठराविक लहरी राखून ठेवल्या. त्याचबरोबर, अशा केंद्राच्या चालकानें मोर्समध्यें मजकूर पाठवितां व कानांनीं ऐकून घेतां येतो हें सिद्ध केलें पाहिजे, हा नियम जगभर लागू झाला. आरंभीं एका देशाचा असलेला दंडक आतां साऱ्या जगाचा झाला.

गति किती असावी, हें प्रत्येक देशानें आपापलें ठरविलें. अमेरिकेंत पांचाचे दहा झाले आणि १९३६ सालीं दहाचे तेरा. सर्वोच्च वर्गासाठीं पुढें वीस शब्दांची गति मागत. ब्रिटनमध्यें बारा शब्दांची गति अनेक वर्षें कायम होती. तीन मिनिटांत छत्तीस शब्द उतरून घ्यावयाचे, आणि चुका चारांवर गेल्या कीं उमेदवार नापास. एका शब्दाचीं पांच अक्षरें धरतात. म्हणजे बारा शब्दांच्या गतीनें दर सेकंदाला एक अक्षर कानावर आदळतें. पांच शब्दांच्या गतीला बिंदु आणि रेघा मोजण्यास थोडी तरी उसंत असते. बारांच्या गतीला ती मुळींच उरत नाहीं.

आणि येथेंच बहुतेकांची नौका खडकावर लागे. ब्रायन व हार्टर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १८९७ व १८९९ मध्यें तारमास्तरांच्या शिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकणाराची प्रगति आरंभीं भराभर होते, मग आठवड्यांमागून आठवडे ती एका पातळीवर थबकते आणि नंतर एकाएकीं पुन्हां वर चढते, असें त्यांना आढळलें. त्यांच्या मतें या थबकण्याच्या काळांत मन सुटीं अक्षरें सोडून संबंध शब्द ऐकण्यास शिकत असतें. हौशी परीक्षार्थींचा अनुभवही असाच. दहा शब्दांच्या आसपास जणूं भिंत लागते. आणि परीक्षेची गति नेमकी त्या भिंतीच्या पलीकडे ठेवलेली. लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १९३० नंतरच्या दशकांत त्यावर उपाय सुचविला. आरंभापासून पूर्ण गतीनेंच ऐकावें, मात्र दोनच अक्षरें घ्यावीं, आणि तीं पक्कीं झालीं म्हणजे तिसरें. बिंदुरेघा मोजूं नयेत. आईची हांक जशी अक्षरें न लावतां ओळखूं येते, तसा प्रत्येक अक्षराचा नाद ओळखूं आला पाहिजे.

परीक्षेच्या खोलींत जें घडे, त्याच्या आठवणी देशोदेशींच्या हौशी लोकांत विलक्षण सारख्या आहेत. टेबलावर कोरा कागद, कानांवर घट्ट बसणारें श्रवणयंत्र, समोर चेहऱ्यावर कसलाही भाव नसलेला परीक्षक. घरीं पंधरा शब्द लीलया घेणाऱ्याला येथें दहाही झेपत नाहींत. एखादें अक्षर निसटतें. तें कोणतें होतें याचा शोध मन घेऊं लागतें. आणि तेवढ्यांत पुढचीं तीन अक्षरें निघून जातात. म्हणून जाणते शिक्षक एकच उपदेश करीत: गेलें त्यासाठीं थांबूं नका, जागा मोकळी सोडा आणि येईल तें घ्या. मजकुराचा अंदाज बांधणाराचीही अशीच फसगत होई. दोन अक्षरांवरून शब्द कल्पून त्यानें तो लिहून टाकावा आणि प्रत्यक्षांत निराळाच शब्द यावा. आपल्या मनांतलें न लिहितां समोरच्याचें लिहावयाचें, हा या परीक्षेचा गाभा होता.

अशा रीतीनें तयार झालेल्या कानांची किंमत दुसऱ्या महायुद्धांत कळून आली. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच ब्रिटिश सरकारनें हौशी लोकांचे परवाने रद्द केले व प्रक्षेपकयंत्रें जप्त केलीं. पण लवकरच त्याच सरकारचे दूत त्यांच्या दारांत उभे राहिले. शत्रूच्या गुप्त हेरखात्याचे मोर्स संदेश ऐकून उतरवून घेण्यासाठीं कान हवे होते, आणि असे कान बाजारांत मिळत नाहींत. सुमारें दीड हजार स्वयंसेवक या गुप्त कामास लागले. दिवसा दुकान किंवा कचेरी सांभाळावी आणि रात्रीं घराच्या एका कोपऱ्यांत बसून, ज्यांचा अर्थ आपल्याला लागत नाहीं अशीं पांच-पांच अक्षरांचीं टिपणें लिहावीं, असा त्यांचा क्रम. हे कागद बार्नेट येथील एका टपालपेटीच्या पत्त्यावर जात आणि तेथून ब्लेचली पार्कच्या सांकेतिक लिपितज्ज्ञांकडे पोंचत. जर्मन हेरखात्याच्या यंत्राची सांकेतिक लिपि डिसेंबर १९४१ मध्यें उलगडली, त्या यशांत या निनावी कानांचा वांटा होता. परीक्षेंत निसटलेल्या अक्षराची जागा मोकळी सोडण्यास शिकलेला मनुष्य येथें उपयोगी पडला. कारण अंदाजानें भरलेलें एक चुकीचें अक्षर लिपितज्ज्ञांची सारी मेहनत वांयां घालवूं शकतें.

हिंदुस्थानांत याच विद्येचा इतिहास दुसऱ्या वाटेनें गेला. येथें १९२१ पासून अमरेंद्रचंद्र गुप्तू व मुकुल बोस यांसारख्या थोड्या व्यक्तींच्या हातीं हौशी केंद्रें होतीं. १८८५ च्या तार कायद्यानें संदेशवहनाचा अधिकार सरकारनें आपल्याकडे राखला होता. १९३३ च्या कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाही गुन्हा झाला. १९३९ सालीं येथेंही हौशी लोकांना यंत्रें पोलिसांच्या हवालीं करण्याचे हुकूम सुटले. ब्रिटनमधील सरकारनें यंत्र घेतलें आणि माणसावर विश्वास टाकला. येथील परक्या सरकारनें यंत्र घेतलें आणि माणसावर पाळत ठेवली. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला, पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांचीं तोंडें बंद झालीं. आणि २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचा आवाज उमटला. उषा मेहता व त्यांचे सहकारी तें केंद्र वारंवार जागा बदलून चालवीत. त्यासाठीं यंत्र जुळविण्याचें ज्ञान नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारी तज्ज्ञाकडून आलें होतें. १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं धाड घातली. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. हें केंद्र मोर्सचें नव्हे, वाणीचें होतें. तरी परवान्याच्या इतिहासांत त्याला स्थान आहे. कारण परवाना हा शेवटीं विश्वासाचा कागद असतो, आणि जेथें प्रजेचें ऐकून घेण्याची सरकारचीच तयारी नसते, तेथें या कागदाला अर्थ राहत नाहीं, हें त्या अडीच महिन्यांनीं दाखविलें.

स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजीं महू येथील लष्करी संदेशवहन शाळेंत भारतांतील हौशी बिनतारी मंडळाची स्थापना झाली. परीक्षेची पद्धति सुरू राहिली. १९७८ च्या नियमांप्रमाणें खालच्या वर्गास मिनिटाला पांच आणि वरच्या वर्गांस बारा शब्दांची गति लागे. पांच शब्दांची परीक्षा पांच मिनिटांची, म्हणजे एकूण सवाशें अक्षरांची. आंकडा लहान दिसतो. पण महिनोन् महिने पहांटे उठून सराव केलेल्या तरुणाच्या दृष्टीनें त्या पांच मिनिटांत सारें भवितव्य साठविलेलें असे.

जगांत मात्र या अटीचा पाया हळूहळू ढांसळत होता. १९४७ च्या अटलांटिक सिटीच्या परिषदेनें अत्यंत आंखूड लहरींपुरती सूट दिली. १९५९ व १९७९ च्या परिषदांनीं ती वाढवीत नेली. सर्वांत मोठा बदल समुद्रावर झाला. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांच्या संकटवार्तेसाठीं उपग्रहांची व स्वयंचलित यंत्रांची नवी व्यवस्था पूर्णपणें अमलांत आली आणि मोर्सचा 'एस ओ एस' निवृत्त झाला. ज्या हांकेसाठीं ही परीक्षा जन्मली, ती हांकच त्या लिपींत येईनाशी झाली. जुलै १९०३ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या जुलैमध्यें, म्हणजे २००३ सालीं, जिनिव्हाच्या परिषदेनें मोर्सची सक्ती प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडली. ब्रिटननें त्याच महिन्यांत ती काढून टाकली. अमेरिकेनें २३ फेब्रुवारी २००७ रोजीं.

यावर हौशी लोकांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, ही चाळणी गेली, आतां हौस करणारा आणि चैन करणारा यांत भेद उरणार नाहीं. दुसरा म्हणे, विद्युत्शास्त्रांत प्रवीण असूनही ज्याचा कान अधू आहे, त्याला जन्मभर दाराबाहेर उभें करणें हा कोठला न्याय? दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अधिक सबळ होतें, हें मान्य केलें पाहिजे. ज्या नियमाचें कारण संपलें, तो केवळ आपण सोसला म्हणून पुढच्यांनींही सोसावा, असा आग्रह धरतां येत नाहीं. पुढच्याच वर्षीं, २६ डिसेंबर २००४ रोजीं, त्सुनामीनें अंदमान-निकोबारचें दळणवळण तोडलें. त्या वेळीं भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी पथक योगायोगानें पोर्ट ब्लेअरला होतें. त्यांनीं आपलें हौसेचें काम तत्काळ बाजूला ठेवलें आणि बेपत्ता माणसांची खबर मुख्य भूमीवरील आप्तांपर्यंत पोंचविली. हें काम प्रामुख्यानें वाणीनें झालें. बिंदुरेघांचें तेथें अडलें नाहीं. तथापि संकटाची चाहूल लागतांच आपलें बोलणें थांबवून दुसऱ्याचें ऐकावयाचें, हा १९१२ चा धडा त्यांना कोणी नव्यानें शिकवावा लागला नाहीं.

सक्ती गेली तरी मोर्स गेला नाहीं. आंखूड लहरींवर अजूनही रात्रीं तो नाद ऐकूं येतो. फरक इतकाच कीं, आतां तो शिकणारे आपखुषीनें शिकतात. परीक्षकाची खुर्ची रिकामी झाली. गेलें अक्षर सोडून पुढचें ऐकावें आणि आपला तर्क दुसऱ्याच्या तोंडीं घालूं नये, ही शिस्त मात्र ज्याची त्यानें सांभाळावयाची उरली आहे. आणि आकाशांत पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक माणसें बोलूं लागलेलीं असतांना तिची गरज कमी झालेली नाहीं.